एक्स-रेच्या कोपऱ्यातलं अक्षर

घरात एखादा जुना एक्स-रे असेलच. कपाटावर, गादीखाली, नाहीतर आजोबांच्या ट्रंकेत, त्या मोठ्या पिवळट पाकिटात. तो काढा आणि खिडकीच्या उजेडाला धरून बघा. नजर आधी बरगड्यांवर जाते, मग हृदयाच्या पांढुरक्या सावलीवर. कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर असतं, 'आर' किंवा 'एल'. उजवी बाजू कुठली आणि डावी कुठली हे कळावं म्हणून एक्स-रे काढणारा ते धातूचं अक्षर तिथे ठेवतो. डॉक्टर त्याच्याकडे एकदा बघतात आणि विसरतात.

२०१८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी एक अभ्यास छापला. छातीचा एक्स-रे पाहून न्यूमोनिया ओळखायला त्यांनी संगणकाला शिकवलं होतं. तीन वेगवेगळ्या संस्थांमधले मिळून दीड लाखाहून जास्त एक्स-रे त्यासाठी वापरले. ज्या रुग्णालयाच्या एक्स-रेंवर शिकवलं, तिथल्या नव्या एक्स-रेंवर प्रोग्रॅम छान चालायचा. बाहेरचे एक्स-रे दिले की बऱ्याचदा घसरायचा. हे का होतं म्हणून खोदून पाहिलं, तेव्हा एक गंमत सापडली. एक्स-रे कुठल्या रुग्णालयात काढलाय हे संगणक जवळजवळ शंभर टक्के अचूक सांगू शकत होता. ते ओळखताना चित्राचा कुठला भाग त्याच्या कामी येतो हे रंगवून बघितलं, तर कोपरे उजळले. तेच धातूचं अक्षर. प्रत्येक रुग्णालयाची ते ठेवायची तऱ्हा वेगळी असते.

आता यात बिघडलं काय? बिघडलं असं की माउंट सायनायच्या एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचे रुग्ण ३४ टक्के होते आणि बाकी दोन ठिकाणी १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे नुसतं रुग्णालय ओळखून 'इथला आहे ना, मग असेल न्यूमोनिया' असं म्हटलं तरी निकाल बऱ्यापैकी चांगला दिसणार. मग फुप्फुसाकडे बघायचे कष्ट कोण घेतो?

वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर गेल्या दहा वर्षांत शोधनिबंधांचा पूर आलाय. तो कसा आला आणि त्यातलं धरायचं काय, सोडायचं काय, हे समजून घ्यायला मला हे कोपऱ्यातलं अक्षर फार उपयोगी पडतं. 'एआयनं डॉक्टरांना मागे टाकलं' अशी बातमी आली की मी आधी अक्षर शोधतो.

नियम आणि आंबे

संगणकाला वैद्यकी शिकवायची हौस नवी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते तो सुचवायचा. पद्धत सरळ होती. तज्ज्ञ डॉक्टरांकडून त्यांचे आडाखे वदवून घ्यायचे आणि 'असं असेल तर तसं करा' अशा नियमांत बसवायचे. असे काहीशे नियम झाले. १९७९ साली त्याची परीक्षा घेतली. मेंदूज्वराचे दहा रुग्ण कागदावर मांडले आणि परीक्षकांना कुठलं उत्तर माणसाचं, कुठलं यंत्राचं हे सांगितलं नाही. मायसिनला ६५ टक्के पडले, तिथल्या प्राध्यापक डॉक्टरांपेक्षाही जास्त.

तरी मायसिन एकाही वॉर्डात रोजच्या वापरात आला नाही. एकेका रुग्णाची माहिती टंकत बसायला वेळ कुणाला होता? आणि उत्तर चुकलं तर जबाबदार कोण, हाही प्रश्न होताच. परीक्षेत पहिला नंबर आणि प्रत्यक्षात शून्य वापर, ही या क्षेत्राची खोड तेव्हापासूनची आहे.

नियमांची पद्धत पुढे अडखळली, कारण डॉक्टरांना जे कळतं ते सगळं त्यांना सांगता येत नाही. हापूस ओळखायला तुम्हाला कुणी नियम शिकवले होते का? लहानपणापासून पेट्या उघडल्या, वास घेतला, देठाशी दाबून पाहिलं, आई म्हणाली 'हा नाही, हा बाहेरचा आहे'. शेकडो आंबे झाल्यावर हाताला आणि नाकाला कळायला लागलं. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता अशीच शिकते. तिला नियम देत नाहीत, उदाहरणं देतात. लाखभर चित्रं आणि प्रत्येकासोबत उत्तर. ती अंदाज करते, चुकते, आतल्या लाखो आकड्यांमध्ये किंचित फेरफार करते, पुन्हा अंदाज करते. चूक कमी होत जाते. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी या पद्धतीनं साधे फोटो ओळखायच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं आणि मग सगळे त्या वाटेनं निघाले.

या शिकण्यात एक मेख आहे. समजा मुलाला शिकवताना खऱ्या हापूसच्या सगळ्या पेट्यांत पेंढा होता आणि बाहेरच्या आंब्यांच्या पेट्यांत कागदाचे तुकडे. मुलगा पटकन शिकेल. परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आंबे ओळखेल. मग एके दिवशी कुणी खरा हापूस कागदात गुंडाळून आणला की फजिती. त्याला आंबा कळलाच नव्हता, पेंढा कळला होता. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं अक्षर म्हणजे पेंढा. माणसाचं मूल निदान विचारेल तरी की पेंढ्याचा काय संबंध. यंत्र विचारत नाही.

डोळ्याचा पडदा

वैद्यकात या पद्धतीचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो डोळ्यांवरून, आणि त्यात भारताचा वाटा होता.

मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांना बारीक फुगे येतात. फोटोत ते लाल टिंबांसारखे दिसतात. पुढे रक्ताचे ठिपके पडतात, पिवळट डाग पडतात. या सगळ्या काळात रुग्णाला पेपर नीट वाचता येत असतो, त्यामुळे तो डॉक्टरकडे जात नाही. दिसायला कमी येतं तोवर बराच उशीर झालेला असतो. आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत असं २०२३ साली छापलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणात दिसलं. या सगळ्यांचे पडदे दरवर्षी तपासायचे तर तेवढे नेत्रतज्ज्ञ आणायचे कुठून?

डिसेंबर २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात निबंध छापला. १,२८,१७५ पडद्यांचे फोटो. काही अमेरिकेतले, बाकीचे अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतातल्या तीन रुग्णालयांतले. ५४ नेत्रतज्ज्ञांनी ते बघितले, आणि एकेक फोटो तीन ते सात जणांच्या नजरेखालून गेला. इतक्या जणांची गरज का पडली? कारण डॉक्टरांचं आपसात एकमत होत नाही. तोच फोटो काही दिवसांनी त्याच डॉक्टरला दाखवला तरी उत्तर दरवेळी तेच येईल असं नाही. 'बरोबर उत्तर' म्हणून यंत्राला आपण जे देतो तेसुद्धा माणसांच्या मतांची गोळाबेरीज असते.

निकाल झकास आला. पूर्वी न पाहिलेल्या सुमारे दहा हजार फोटोंच्या एका संचावर, जिथे उपचारांसाठी पाठवायला हवं अशा १०० डोळ्यांपैकी ९० यंत्रानं पकडले, आणि ज्यांना तसं पाठवायची गरज नव्हती अशा १०० पैकी ९८ जणांना बरोबर सोडून दिलं. दोन वर्षांनी त्याच पडद्याच्या फोटोवरून माणूस स्त्री आहे की पुरुष हेही मशीन मोठ्या अचूकतेनं सांगू लागलं, जे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला जमत नाही. ते नेमकं कशावरून सांगतं? ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. मला हे जितकं थक्क करणारं वाटतं तितकंच अस्वस्थ करणारं वाटतं.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डोळ्यांच्याच एका यंत्रणेला परवानगी दिली, जिचा निकाल डॉक्टरनं पुन्हा बघायची गरज नव्हती. साध्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फोटो काढायचा, यंत्र म्हणणार 'तज्ज्ञाकडे जा' किंवा 'बारा महिन्यांनी ये'. त्या प्रशासनाच्या यादीत आता कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी हजाराच्या वर उपकरणं आहेत. त्यातली बहुतेक एक्स-रे, सीटी, एमआरआय अशा चित्रांशी संबंधित आहेत.

पूर

निबंधांची संख्या एवढी का फुगली? आधी आमटी शिजायला लागणारं सगळं सामान एकदम स्वस्त झालं. व्हिडिओ गेमसाठी बनवलेले संगणकाचे कार्ड या गणितालाही चालतात हे कळलं. प्रोग्रॅम फुकट मिळू लागले. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१७ साली ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० छातीचे एक्स-रे, नावं काढून, जगाला मोफत उपलब्ध केले. मग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलालाही लॅपटॉपवर 'न्यूमोनिया डिटेक्शन' प्रोजेक्ट करता येऊ लागलं. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाला जा, एक तरी टेबल सापडेल. पण त्या एक्स-रेंवरची लेबलं डॉक्टरांनी एकेक एक्स-रे बघून लावलेली नव्हती. जुन्या रिपोर्टांचा मजकूर संगणकानं वाचून ती काढली होती. बऱ्याच जणांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

नियतकालिकंही आली. 'लॅन्सेट'नं २०१९ मध्ये डिजिटल आरोग्यासाठी वेगळं नियतकालिक काढलं, 'न्यू इंग्लंड जर्नल'नं २०२४ मध्ये खास एआयसाठी.

मग कोविड आला आणि सगळ्यांचे हात शिवशिवले. एक्स-रे किंवा सीटीवरून कोविड ओळखायचा किंवा रुग्णाचं पुढे काय होईल ते सांगायचं, अशा निबंधांची झुंबड उडाली. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० च्या पहिल्या नऊ महिन्यांतलं असं सगळं साहित्य गोळा केलं. हाताशी आले २,२१२. चाळणी लावत लावत नीट तपासण्याच्या लायकीचे उरले ६२. त्या ६२ पैकी रुग्णालयात वापरण्यासारखे किती? शून्य. एकही नाही.

चुका कसल्या होत्या? एक अशी: कोविडचे एक्स-रे मोठ्या माणसांचे होते आणि 'कोविड नाही' म्हणून जे एक्स-रे घेतले ते एका मोफत संचातले, एक ते पाच वर्षांच्या मुलांचे. मशीननं कोविड ओळखलाच नसेल, मोठी माणसं आणि लहान मुलं यांतला फरक ओळखला असेल. पुन्हा पेंढा. त्या मंडळींना नावं ठेवायची मला हौस नाही. रोज स्मशानात रांगा लागत होत्या आणि हातात लॅपटॉप होता, काहीतरी करावंसं वाटणारच. पण एवढ्या हुशार माणसांचे एवढे तास गेले आणि एकाही डॉक्टरच्या हाती काही लागलं नाही, हेही खरं.

नव्वद टक्के म्हणजे किती

आता थोडं गणित. पाढे येत असतील तर पुरे.

'यंत्र ९० टक्के अचूक आहे' हे वाक्य एकटं निरर्थक आहे. दोन वेगळे आकडे लागतात. आजारी माणसांपैकी किती पकडले, आणि निरोगी माणसांपैकी किती जणांना बरोबर सोडलं. धरून चला की टीबीचा एक्स-रे वाचणारं आपलं यंत्र दोन्हींत ९० टक्के आहे.

एका गावात शिबिर लावलं. हजार माणसं आली. त्यात टीबी आहे दहा जणांना. यंत्र नऊ पकडेल, एक सुटेल. छान. उरलेले ९९० निरोगी. त्यातल्या दहा टक्क्यांवर, म्हणजे ९९ जणांवर, उगाच संशय येईल. एकूण १०८ जणांच्या हातात 'संशयित' म्हणून चिठ्ठी पडणार आणि त्यातल्या नऊ जणांनाच खरा टीबी असणार.

तेच यंत्र उचलून शहरातल्या छातीच्या ओपीडीत ठेवा. महिनाभर खोकणारे, वजन घटलेले लोक तिथे येतात. हजारांत समजा दोनशे जणांना टीबी आहे. यंत्र १८० पकडेल आणि ८०० निरोग्यांपैकी ८० वर संशय घेईल. आता २६० चिठ्ठ्यांपैकी १८० खऱ्या. यंत्रात एक स्क्रूही बदललेला नाही. बदलली ती रांग. म्हणून 'कुठे तपासलं, कुणावर तपासलं' हे न सांगता आलेला अचूकतेचा आकडा मी सोडून देतो.

टीबीचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण या पुरातून जे थोडं खरंच किनाऱ्याला लागलं त्यात ते आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी चौथाई आपल्या देशात आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे मशीन असतं, पण तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट तिथे नसतो. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या टीबी-तपासणीत माणसाऐवजी संगणकानं एक्स-रे वाचला तरी चालेल अशी शिफारस केली. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनीही आहे. याच कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या केंद्रांतल्या ३,१३,३१८ डोक्यांच्या सीटी स्कॅनवरचा अभ्यास छापला होता, मेंदूतला रक्तस्राव ओळखण्याबद्दलचा.

ढाक्यात जवळजवळ २४,००० लोकांवर पाच कंपन्यांची टीबी सॉफ्टवेअर एकमेकांशेजारी ठेवून तपासली. पाचही तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. पण साठीच्या पुढच्या लोकांत आणि ज्यांना आधी टीबी होऊन गेला त्यांच्यात ती कमी पडली. जुन्या टीबीचे व्रण फुप्फुसावर राहतात. ते पाहून यंत्र गोंधळतं, आणि खरं सांगायचं तर माणूसही गोंधळतो. म्हणून या कामात यंत्राचा शब्द शेवटचा नसतो. संशय आला की बेडका तपासायला जातो आणि टीबी आहे की नाही हे तिथे ठरतं. यंत्राचं काम एवढंच की हजारातले कुणाचे बेडके तपासायचे ते सांगायचं. काम मर्यादित ठेवलं म्हणूनच ते निभावतं, असं माझं मत आहे.

भलताच प्रश्न

कधीकधी चित्रात पेंढा नसतोच, विचारलेला प्रश्नच चुकलेला असतो. अमेरिकेत कुठल्या रुग्णांकडे जादा लक्ष द्यावं हे ठरवणारा एक प्रोग्रॅम मोठ्या प्रमाणावर वापरात होता. 'कोण जास्त आजारी आहे' हे मोजणं अवघड, म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला 'कुणावर जास्त पैसे खर्च होतील' हे शिकवलं. वरवर बघता ठीकच वाटतं. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर तिथे तितक्याच आजाराला कमी खर्च होत आला होता, कारण त्यांच्यापर्यंत उपचारच कमी पोचत होते. त्यामुळे प्रोग्रॅमला ते कमी आजारी वाटले. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये हे उघड झालं. ही चूक सुधारली तर जादा मदतीच्या यादीत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा हिशोब संशोधकांनी मांडला. आपल्याकडे उद्या कुणी दवाखान्याच्या बिलांवरून असं काही शिकवलं तर कोण 'कमी आजारी' ठरेल, याचा अंदाज मेळघाटात किंवा नंदुरबारला काम केलेला कुठलाही डॉक्टर देईल.

आणखी एक. रक्तात जंतुविष पसरण्याचा धोका आधीच सांगणारी एक यंत्रणा अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत बसवलेली होती. मिशिगन विद्यापीठानं २०२१ मध्ये आपल्या २७,६९७ रुग्णांवर ती पडताळली. खरंच जंतुविष पसरलेल्या तीनपैकी दोन रुग्ण तिनं ओळखलेच नाहीत, आणि तरीही दाखल होणाऱ्या दर पाच-सहा जणांत एकाच्या नावानं घंटा वाजवत राहिली. रात्रपाळीच्या नर्सला विचारा, सतत वाजणाऱ्या घंटेचं काय होतं. ती कानाआड जाते.

खरी कसोटी

औषध बाजारात येण्याआधी चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एकाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं, आणि मग कोण बरं होतं ते बघतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हजारो निबंधांत अशी कसोटी किती जणांनी दिली? २०२२ साली एका गटानं शोधून मोजलं तर जगभरात अशा ४१ चाचण्या सापडल्या. तो आकडा पुढे वाढलाय, पण निबंधांच्या ढिगाशेजारी अजूनही मूठभरच आहे.

त्यातली स्वीडनची एक बघण्यासारखी. तिथे स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी ठरावीक काळानं मॅमोग्राफी होते आणि प्रत्येक फोटो दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. लुंडच्या संशोधकांनी ८०,०३३ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात नेहमीची पद्धत. दुसऱ्यात आधी यंत्र फोटो बघणार, धोका कमी वाटला तर एकच डॉक्टर वाचणार, जास्त वाटला तर दोघं. २०२३ मध्ये आलेला निकाल असा: नेहमीच्या गटात २०३ कर्करोग सापडले, यंत्राच्या गटात २४४. खोट्या संशयाचं प्रमाण दोन्हींकडे सारखंच. डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी. इथे यंत्रानं डॉक्टरला हटवलं नाही, कुणी किती वेळ कशावर घालवायचा ते बदललं. आपल्याकडे मात्र अशी देशव्यापी मॅमोग्राफीची मोहीमच नाही, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा उचलून आणता येणार नाही.

उलट बाजूही पुढे आली. आतड्यात दुर्बीण घालून गाठी शोधताना पडद्यावर यंत्र चौकट काढून 'इथे बघ' म्हणतं. पोलंडमधल्या चार केंद्रांत ही सोय आल्यानंतर डॉक्टर यंत्राशिवाय तपासणी करायचे तेव्हा त्यांची कामगिरी कशी राहिली, ते २०२५ मध्ये छापून आलं. आधी ते २८.४ टक्के रुग्णांत गाठी शोधायचे, नंतर २२.४ टक्के. या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट केले नव्हते, त्यामुळे इतर कारणंही असू शकतील. पण मोबाइल आल्यापासून आपल्याला किती फोन नंबर पाठ आहेत ते आठवा.

रेडिओलॉजिस्ट गेले का?

२०१६ मध्ये या विद्येचे एक जनक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रेडिओलॉजिस्ट मात्र आहेत तिथेच आहेत आणि आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशाच्या पहिल्या फेरीत वरच्या नंबरांची मुलं अजूनही रेडिओलॉजीवरच उड्या मारतात. हिंटन यांचं गणित चुकलं नव्हतं, त्यांना रेडिओलॉजिस्टचा दिवस माहीत नव्हता. सर्जनचा फोन घेणं, सोनोग्राफीत पोटावर हात फिरवताना रुग्णाशी बोलणं, मागचा रिपोर्ट कुठे हरवला ते शोधणं, हे सगळंही त्याच नोकरीत येतं.

त्याच वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांवरच्या कामाला मिळालं. त्यातला अर्धा वाटा होता प्रथिनाची घडी कशी पडेल ते सांगणाऱ्या 'अल्फाफोल्ड'चा. २०२२ मध्ये त्यानं वर्तवलेले वीस कोटींवर आकार सगळ्यांसाठी खुले झाले. नवी औषधं शोधणाऱ्यांना त्याचा आधार मोठा आहे, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

चॅटजीपीटीसारख्या बोलक्या यंत्रांवरही आता ढीगभर अभ्यास होताहेत. २०२४ मध्ये अमेरिकेत ५० डॉक्टरांना कागदावर लिहिलेल्या अवघड केस दिल्या. ज्यांच्या हाताशी असं यंत्र होतं त्यांना सरासरी ७६ गुण, ज्यांना नव्हतं त्यांना ७४. म्हणजे जवळजवळ सारखेच. पण यंत्राला एकट्याला सोडवायला दिल्यावर त्याचे गुण दोघांपेक्षा बरेच जास्त आले. यावर बरीच टीकाटिप्पणी झाली. मला त्यातला 'कागदावर लिहिलेल्या' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. केस कागदावर येते तेव्हा कुणीतरी आधीच रुग्णाला बोलतं केलेलं असतं, फापटपसारा काढलेला असतो. प्रत्यक्षात माणूस ओपीडीत येऊन म्हणतो, 'डॉक्टर, कसंसंच होतंय'. त्या 'कसंसंच'मध्ये ॲसिडिटीपासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही असू शकतं. ते सोडवायला चेहरा बघावा लागतो, घाम बघावा लागतो, सोबतच्या सुनेला बाहेर पाठवून पुन्हा विचारावं लागतं.

खिडकी आणि चादर

आता पुन्हा डोळ्यांकडे. गूगलचं ते पडदा तपासणारं यंत्र पुढे थायलंडमध्ये पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतल्या ११ दवाखान्यांत नेलं. तिथे नर्स फोटो काढायच्या आणि तज्ज्ञाचा निकाल यायला कधीकधी दहा आठवडे लागायचे. यंत्र तो क्षणात देणार होतं. कंपनीच्याच संशोधकांनी तिथे जाऊन नर्सच्या शेजारी बसून काय होतं ते पाहिलं आणि २०२० मध्ये ते प्रामाणिकपणे छापलं. या सगळ्या पुरातला मला सगळ्यात आवडलेला निबंध हाच.

पहिल्या सहा महिन्यांत यंत्रात घातलेल्या १,८३८ फोटोंपैकी ३९३ यंत्रानं नाकारले. 'प्रत चांगली नाही.' अंधार करता येईल अशी वेगळी खोली बहुतेक ठिकाणी नव्हती आणि उजेडात बाहुली लहान होते. प्रयोगशाळेत शिकताना यंत्राला चांगले फोटो मिळाले होते, इथे गर्दीत घाईनं काढलेले. नाकारलेल्या फोटोच्या रुग्णाला नियमाप्रमाणे मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, मग त्याला काही झालेलं असो वा नसो. एक दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून. काही नर्सनी मग रुग्णांनाच हळूच सांगायला सुरुवात केली की या अभ्यासात नाव घालू नका. इंटरनेटचं तर विचारूच नका. एकेक फोटो वर चढायला मिनीट-दीड मिनीट.

हे वाचलेलं होतं म्हणून गेल्या वर्षी आत्याला गावातल्या मधुमेह शिबिरात घेऊन गेलो तेव्हा माझं लक्ष आधी खिडकीकडे गेलं. शाळेचा वर्ग, खिडकीला पडदा नाही, डोक्यावर ट्यूबलाइट. कॅमेऱ्यापाशी विशी-बाविशीची मुलगी. "आजी, हनुवटी इथे टेका. हिरव्या ठिपक्याकडे बघा. आता पापणी हलवू नका हं." आत्या म्हणाली, "अगं, पाणी येतंय डोळ्यांतून." फोटो निघाला. पडद्यावर लाल पट्टी आली, पुन्हा काढा. दुसरा काढला, पुन्हा लाल पट्टी.

मुलगी उठली. दप्तरासारख्या पिशवीतून एक जुनी जाड चादर काढून तिनं खिडकीच्या गजांना बांधली, चिमटे तिच्याकडे होतेच. ट्यूबलाइट बंद केली, दार लोटलं. "दोन मिनिटं अशाच अंधारात बसा आजी, डोळे मिटून." आत्यानं तेवढ्यात तिचं सासर-माहेर काढलं. तिसरा फोटो यंत्रानं घेतला. थोड्या वेळानं निकाल आला, तज्ज्ञाकडे पाठवा. बाकी काही नाही.

"काय म्हणतंय ते?" आत्यानं विचारलं.

"जिल्ह्याला डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं आजी. घाबरायचं नाही, पण दाखवायचंच."

"कुठल्या डोळ्याचं गं?"

मुलगी पुन्हा पडद्याकडे वाकली. फोटोच्या कोपऱ्यातलं अक्षर बघितलं. "डावा," ती म्हणाली, आणि चिठ्ठी लिहायला लागली.

आत्या माझ्याकडे वळली. "बुधवारी नको, बाजार असतो. गुरुवारची सकाळची एसटी बघ."